चाचांचं आयर्लंड

चाचांच्या घरात एकही झाड नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल की या माणसाच्या कुवेतच्या खैतान भागातल्या दोन खोल्या कुंड्यांनी भरलेल्या असणार. तसं काही नव्हतं. एकदा आमच्या हॉस्पिटलातल्या एका केरळी नर्सने सुट्टीवर जाताना कोरफडीची कुंडी माझ्याकडे सांभाळायला दिली, तर चाचांनी मला दारातच अडवलं.

"डब्यातलं झाड म्हणजे पेशंट," ते म्हणाले. "पेशंट दिवसभर बघतो. घरात नको."

कुंडी महिनाभर जिन्यात राहिली. तिला पाणी मात्र रोज कुणीतरी घालत होतं. मी नव्हतो घालत. चाचांना विचारलं तर म्हणाले, "मना काय ठाव?"

मी मूळचा साताऱ्याचा, लॅब टेक्निशियन. सत्त्याहत्तर साली कुवेतला आलो तेव्हा राहायला जागा मिळेना. त्याच हॉस्पिटलच्या भटारखान्याचं स्टोअर चाचा सांभाळायचे. एक दिवस तांदळाच्या गोणीवर बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, "घोरतोस काय?" मी नाही म्हणालो. "मग ये राहायला," म्हणाले. स्वतः ते असे घोरायचे की वरच्या मजल्यावरचा मिसरी मास्तर काठीने फरशी ठोकायचा.

चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे. तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. कुवेतला येण्याआधी वीसेक वर्षं बोटीवर भंडारी, म्हणजे खलाशांचा आचारी म्हणून काढलेली. गावी घर, घरामागे खाडीपर्यंत नारळी-पोफळीची वाडी, आणि ती वाडी एकटीने सांभाळणारी त्यांची बायको. मूल नव्हतं. दोन वर्षांनी एकदा साठ दिवसांची रजा मिळायची. आम्ही बाकीचे त्या साठ दिवसांतला एक तासही वाया जाऊ न देता हिंदुस्थानात घालवायचो. चाचा चाळीस दिवस गावी राहायचे आणि उरलेले वीस दिवस आयर्लंडला जायचे.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलंय.

"आयर्लंडला काय आहे, चाचा?"

"बागा."

"कुणाच्या?"

"जुन्या लोकांच्या."

"मग तुम्ही तिथे काय करता?"

"बघतो."

यापलीकडे उत्तर नाही. पण जेवायला बसले की आपण होऊन सांगायचे. जमिनीवर चटई, चटईवर प्लास्टिकचं कापड, त्यावर ताटं. भाताचा एक लांबट ढीग करायचे. "ही भिंत. दगडी. दोन पुरुष उंच. हिच्या आत भाजी, फळं, फुलं." मग भाताला मध्ये खळगा करून त्यात डाळ ओतायची. "हे तळं. अल्लानं केलेलं नाय, माणसानं खणलेलं. पण बघून सांगता येनार नाय." लिंबाची फोड म्हणजे हवेली. तिच्यापासून तळ्यापर्यंत बोटाने एक सरळ रेघ ओढायचे. "आणि ही मोकळी जागा. इथं काय नाय. या काय-नायसाठी सगळा खटाटोप." मग ती बाग कालवून खाऊन टाकायचे. सांगण्याच्या भरात डाळ गार झालेली असायची.

मी लक्ष देऊन ऐकायचो आणि मला काही म्हणजे काही कळायचं नाही.

आयर्लंडला पहिल्यांदा कसे गेलात, हे मी निदान चार वेळा विचारलं असेल. एकदा म्हणाले, बोटीचं इंजिन बिघडलं आणि बोट दोन महिने तिथल्या बंदरात अडकली. एकदा म्हणाले, तेलाने हात भाजला म्हणून तिथल्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, तिथल्या नर्सनी पेशंटांना बाग दाखवायला नेलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, चुकीच्या बशीत बसलो. हातावर भाजल्याचा डाग होता खरा. पण आचाऱ्याच्या हातावर तो असायचाच.

शुक्रवारी दुपारची नमाज झाली की ते पोशाख करून फिरायला निघायचे. लोकरीचा तपकिरी कोट, हातात काळी लांब छत्री. बाहेर ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी. कोपऱ्यावरच्या बकाल्यातला, म्हणजे वाणसामानाच्या दुकानातला, पोरगेला इराणी हसायचा. चाचा चौकातल्या गोल बागेपाशी थांबायचे. तिथे नगरपालिकेने कण्हेरी लावल्या होत्या. त्यांच्याकडे बघून नाराजीने मान हलवायचे.

"काय झालं?"

"सगळी एकदम दिसतात," म्हणायचे. "एकदम दिसलं की संपलं."

हे सगळं मी विक्षिप्तपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण एक दिवस चाचांच्या मेव्हण्याने मला शहराबाहेर अम्गराला बोलावून घेतलं. चाचींचा हा सख्खा धाकटा भाऊ तिथल्या भंगारच्या एका वखारीत कामाला होता. दाबलेल्या मोटारींच्या थप्प्यांमागे त्याची पत्र्याची खोली. त्याने चहा दिला, दार लावून घेतलं आणि सरळच म्हणाला, "तुम्ही शिकलेले हाव. माझ्या बहिणीवर एक उपकार करा."

"काय?"

"यंदा चाचांबरोबर जा. बघून या. तिथं बाई हाय."

मी म्हणालो, "ते बागा बघायला जातात."

"बागा?" तो मोठ्याने हसला. "चाळीस नारळ, दोनशे पोफळी दारात असलेला मानूस झाडं बघायला परमुलखात जाईल काय? गावात सगळे बोलतात. पोरं बी असतील म्हनतात. माझी बहीण काय बोलत नाय. पण दर रजेला ते गेले की ती चार दिवस जेवत नाय. मना खरं काय ते कळू दे. वाईट असलं तरी चालेल."

मी कबूल झालो. बहिणीच्या दुःखाने झालो की फुकटचं निमित्त मिळालं म्हणून झालो, हे आज नक्की सांगता येत नाही. साताऱ्याहून निघून कुवेत गाठलेल्या माणसाला तिसरा देश बघायचा मोह होताच. चाचांना विचारताना माझी जीभ अडखळली. त्यांना मात्र काहीच संशय आला नाही. उलट आनंदच झाला.

"चल की. तुला इंग्रजी वाचता येतं. तिथं बोर्ड असतात. मना एवढी वर्सं कुनी वाचून दाखवले नायत."

त्यांना बोटीवरचं इंग्रजी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं त्यांनी जे सांगितलं होतं, ते वाचलेलं नव्हतंच.

आपापल्या गावचे चाळीस दिवस आटोपून जूनमध्ये आम्ही निघालो. आधी लंडन, तिथून पुढे आयर्लंडच्या दक्षिण टोकाकडे. एका गावात एका बाईच्या घरी वरची खोली घेतली. चाचा तिथे याआधीही राहिलेले असावेत, कारण तिने त्यांना विचारल्याशिवाय अंडी डुकराच्या मांसाच्या तव्यावर न करता वेगळ्या तव्यावर केली. मी तिच्याकडे बारकाईने पाहिलं. पाच मुलं, भरभक्कम नवरा. ही नव्हे.

पहिले दोन दिवस आम्ही तिकीट काढून बघायच्या बागांत फिरलो. चाचांचे नियम होते. फाटकातून आत गेल्यावर पहिलं बाकडं येईपर्यंत बोलायचं नाही. हवेलीच्या आत जायचं नाही. "आत खुर्च्या असतात. खुर्च्या आपल्या हास्पिटलात बी हायत." आणि बोर्ड दिसला की मी मोठ्याने वाचायचा, मराठीत सांगायचा.

मी काय पाहिलं ते प्रामाणिकपणे सांगतो. गवताची मैलभर उतरण. तिच्यात अधूनमधून एकेकटी उभी असलेली प्रचंड जुनी झाडं, जणू कुणीतरी त्यांना लांब लांब उभं राहायला सांगून विसरून गेलंय. बारीक, न संपणारा पाऊस. दूर एक तळं. मी पुढे चालत गेलो आणि चाचांनी मागून कॉलर धरून मला खेचलं. पायाखाली पुरुषभर खोल चर होता, दगडांनी बांधलेला. दोन पावलं मागून तो अजिबात दिसत नव्हता. चरापलीकडे गुरं चरत होती.

"हा गडगा," चाचा खुशीत म्हणाले. "आपल्याकडं गडगा वर बांधतात. यांनी खाली बांधला. गुरं येनार नायत, पन नजर अडनार नाय. बघ कसं डोकं!"

मी बघत होतो. चांगलं होतं. पण सुंदर म्हणायचं तर कशाला म्हणायचं, तेच मला समजत नव्हतं. चाचांनी म्हटलं तसं, तिथे काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी एक बोर्ड होता. मी वाचून दाखवला. हवेलीच्या खिडकीतून तळं दिसावं म्हणून त्या काळच्या मालकाने मधलं कुळांचं गाव उठवलं होतं. घरं पाडून लोकांना टेकडीमागे वसवलं होतं. आम्ही उभे होतो तिथे पूर्वी रस्ता होता, विहीर होती.

चाचांनी बोर्डावर बोट ठेवलं.

"खोटं असेल काय?" त्यांनी विचारलं.

"बोर्डावर खोटं कशाला लिहितील?"

"हं." त्यांनी गवताकडे पाहिलं, मग तळ्याकडे. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "पन दिसतं चांगलं." आणि लगेच, स्वतःवरच चिडल्यासारखे, "चल. पाऊस वाढला."

तिसऱ्या दिवशी आम्ही बशीने दुसऱ्याच दिशेला गेलो. एका वळणावर उतरून दोन मैल चाललो. गंजलेलं फाटक, तिकीट नाही, बोर्ड नाही. आत दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये गवत उगवलेली वाट आणि वाटेच्या टोकाला तळं. हवेली होती, पण अर्ध्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. चाचांची चाल बदलली होती. ते भराभर चालत होते. आता ती बाई दिसणार, असं मला वाटलं.

आणि दिसली. भिंतीआडच्या बागेच्या दारात उभी होती. अंगात पुरुषी पावसाळी कोट, हातात मोठी कात्री. वय ऐंशीच्या पुढचं. तिने चाचांकडे पाहून हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कॅप्टन! उशीर केलात. मटारांची वाट लागली."

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

चाचांनी टोपी काढून तिला सलाम केला. कोट काढून माझ्या हातात दिला, खिशातून हातमोजे काढले, आत गेले आणि एका वाफ्याशी गुडघे टेकून गवत उपटायला लागले.

संध्याकाळपर्यंत ते गवत उपटत राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. एकंदर नऊ दिवस. मी पालथ्या बादलीवर बसून बघत होतो. म्हातारी अधूनमधून चहा आणायची. भिंतीवर पसरलेल्या नासपतीच्या झाडांना पत्र्याच्या चिठ्ठ्या होत्या, पावसाने पुसत आलेल्या. चाचा मला त्या वाचायला सांगायचे. दोनच शब्द लागायचे, तेही अर्धे. तेवढ्यावरही ते खूश व्हायचे.

म्हातारी एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ओळ पुरी केल्याशिवाय न उठणारा एकच माणूस मी पाहिलाय. तुमचा कॅप्टन."

मी विचारलं, "ते पहिल्यांदा इथे कसे आले?"

"पावसात आला. त्या झाडांच्या वाटेच्या टोकाला उभा राहून तासभर तळ्याकडे बघत होता. मला वाटलं चोर आहे. मग वाटलं, चोर इतका वेळ एका जागी कशाला उभा राहील? म्हणून चहा दिला."

ना बोट, ना हॉस्पिटल, ना चुकीची बस. आणि कॅप्टन कुठून आला? ते तोंडावर आलं होतं माझ्या. ते कॅप्टन नाहीत बाई, ते भंडारी होते. तेवढ्यात चाचांनी वाफ्यातून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं. मी चहा प्यायलो.

खोलीवर परतल्यावर मी विचारलं, "चाचा, ती तुम्हाला कॅप्टन का म्हणते?"

"मी नाय सांगितलं. मी बोटीवर होतो एवढंच सांगितलं. तिनंच बनवलं."

"मग खरं का नाही सांगितलंत?"

"म्हातारी हाय. तिच्याकडे पूर्वी कॅप्टनच यायचे. भंडारी आला म्हटलं तर तिनंच लाजायचं."

"आणि हे गवत काढणं? तुम्ही तर बघायला येता म्हणालात."

ते मोजे वाळत घालत होते. "काढल्याशिवाय दिसत नाय," म्हणाले.

एका दुपारी, ते पाठमोरे वाकलेले असताना, मी कॅमेऱ्याने त्यांचा फोटो काढला. पुरावा म्हणून. बाई नाही, बाग आहे, हे दाखवायला.

कुवेतला परतल्यावर पहिल्या शुक्रवारी मी अम्गराला गेलो. मला हलकं वाटत होतं. म्हणालो, "शंभर टक्के खरं आहे. एक ऐंशी-पंच्याऐंशीची म्हातारी आहे आणि तिची बाग आहे. चाचा तिथे गवत काढतात."

मेव्हणा हसलाच नाही. मी फोटो पुढे केला. त्याने तो दाराशी, उजेडात नेला.

"हे गवत काढतायत?"

"हो."

"गुडघ्यावर बसून?"

"हो."

"किती दिवस?"

"नऊ."

त्याने फोटो खिशात ठेवला. गावचा कुणी आठवड्याभरात निघणार होता, त्याच्याबरोबर पाठवतो म्हणाला. मी म्हणालो, पाठवा, बहिणीचा जीव भांड्यात पडेल. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं, माझं मराठी त्याला कळलं नसावं.

चाचींना लिहिता येत नव्हतं. त्या काळी आमच्यातल्या बऱ्याच घरांतून पत्राऐवजी कॅसेट यायची. आमच्या घरात टेपरेकॉर्डर माझा होता, त्यामुळे कॅसेट आली की चाचा माझ्या खोलीत येऊन बसायचे आणि मी उठून जाऊ लागलो तर हाताने बस म्हणायचे. त्या वेळीही तसंच झालं.

आधी सलाम. मागे कोंबड्यांचा आवाज. मग गावातलं कोण गेलं, कुणाला मूल झालं. मग पाण्याच्या पंपाची फटफट मध्येच आली आणि थांबली. मग चाची म्हणाल्या,

"भावानं फोटू पाठवला. बघितला. मना लोक सांगत होते बाई हाय, बाई हाय. बाई असती तर बरं झालं असतं. बाईशी भांडता येतं. गवताशी मी काय भांडू?"

पंप पुन्हा फटफटला आणि बंद पडला.

"आपल्या वाडीत गवत कमरेएवढं हाय. गडगा दोन ठिकानी पडलाय. बावीस वर्सं मीच उचलते. तुम्ही एक झावळ बाजूला केली नायत. मना वाटायचं, तुम्हाला त्या कामाचा कंटाळा हाय. बोटीवरचा मानूस. म्हनून मी कधी बोलले नाय."

पुन्हा कोंबड्या.

"बाकी खुशाल."

चाचांनी कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा ऐकली. मला तोंड लपवायला जागा नव्हती. शेवटी त्यांनी विचारलं, "फोटू तू काढलास?"

"हो."

"तोंड दिसतं त्यात?"

"नाही. पाठच आहे."

"मग ठीक," म्हणाले आणि उठून भात टाकायला गेले.

ठीक म्हणजे काय, ते मला आजवर उलगडलेलं नाही. रागावले असते तर मी माफी मागितली असती. ते रागावले नाहीत. जेवण करायचे, ताट वाढायचे, पण त्या दिवसानंतर भातात तळं कधी झालं नाही. मी एकदा मुद्दाम विचारलं, "त्या दुसऱ्या बागेत पायऱ्या कुठे होत्या हो?" तर म्हणाले, "विसरलो." ते विसरणारे नव्हते.

पुढच्या रजेत ते साठच्या साठ दिवस गावी राहिले. त्या वर्षी शरद ऋतूच्या सुमारास म्हाताऱ्या बाईचं पत्र आलं. पाकिटावर कुवेतच्या हॉस्पिटलचा पत्ता आणि वर 'कॅप्टन'. ते चुकत चुकत आमच्या लॅबमध्ये पोचलं. मी चाचांना वाचून दाखवलं. तिने लिहिलं होतं, मटार या वेळी बरे आले, गवत फार माजलंय, आणि तुम्ही का आला नाहीत, तब्येत ठीक आहे ना.

"काय लिहू?" मी विचारलं.

चाचांनी पाकीट परत माझ्या हातात दिलं. "लिही, कॅप्टन बोटीवर गेला."

मी तसं लिहिलं. लिहिताना मला वाटत होतं की त्यांनी तिला सांगितलेलं हे पहिलं खोटं, आणि ते मी माझ्या अक्षरात लिहितोय. तिचं उत्तर आलं नाही.

त्यानंतर वर्षभरात चाचांनी नोकरी सोडली. इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, रद्द करायला मीच त्यांच्याबरोबर हिंडलो. जायच्या दिवशी कोट आणि छत्री त्यांनी मला दिली. मी म्हणालो, तुमच्याकडे पाऊस पडतो, छत्री तरी न्या. म्हणाले, "तो पाऊस निराळा. त्याला ही पुरायची नाय."

अठ्ठ्याऐंशी साली सुट्टीवर आलो तेव्हा मी त्यांच्या गावी गेलो. एसटीने, मग तरीतून खाडी ओलांडून. तरीतूनच मला काहीतरी वेगळं दिसलं. काठावर दाट हिरवी वाडी होती आणि तिच्यात एका जागी, भांग पाडावा तशी, सरळ फट होती. फटीच्या टोकाला घराची पडवी दिसत होती.

ते चाचांचंच घर निघालं.

पडवीत चाची होत्या. कॅसेटमधल्या आवाजावरून मी त्यांना धिप्पाड समजत होतो. त्या लहानशा, वाळक्या होत्या. मी नाव सांगितलं तर माझ्याकडे क्षणभर बघून म्हणाल्या, "फोटूवाले?" मी मान खाली घातली. त्यांनी पाट दिला, चहा केला. चाचा वाडीत होते. पडवीत बसलं की ती फट समोरच यायची. पोफळींचे कापलेले बुंधे दोन्ही बाजूंनी ओळीने दिसत होते.

"आकरा," चाची म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं. "धरती, सुपारीला आलेली झाडं. मी भावाच्या मुलीच्या लग्नाला गेले होते, चार दिवस. परत आले तर हे. आधी वाटलं वादळ झालं. पन वादळ असं सरळ येत नाय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? ते इथं बसले होते, तुम्ही बसलात तिथं. मना म्हनाले, बघ. मी बघितलं. खाडी हाय. खाडी मी रोज बघते, मागनं गेलं की खाडीच." त्यांनी पदराने कप पुसला. "दोन महिने बोलले नाय मी त्यांच्याशी. गावातले लोक येऊन बघून जायचे. काजीसाहेब बी आले. ते म्हनाले, थोडा वारा येतो."

"आणि नंतर?"

"नंतर पाऊस लागला तसा मी रोपं लावली. फटीतच. दुसरं काय करनार?"

मी उठून खाली उतरलो. वाडी स्वच्छ होती. इतकी स्वच्छ मी त्या खाडीकाठी दुसरी पाहिली नाही. गवताचं पातं नव्हतं, गडगा नीट रचलेला, आळी गोल. फटीच्या मध्यावर चाचा दिसले. अंगात बनियन, लुंगी वर खोचलेली. पुष्कळ थकले होते. हातात डबा होता आणि ते गुडघ्याएवढ्या पोफळीच्या रोपांना एकेक करून पाणी घालत होते.

मला पाहून आनंदले. घोरणाऱ्या माणसाबरोबर राहतोस की काय आता, असं विचारलं. हॉस्पिटलातल्या दोघातिघांची चौकशी केली. मग मी, कुवेतमध्ये कधी धीर झाला नव्हता तसा, सरळ विचारलं.

"चाचा, ती झाडं का तोडलीत?"

ते खाडीकडे वळले. मीही वळलो. ओहोटी होती. चिखल, चिखलात रुतलेली एक होडी, पलीकडच्या काठावर कुणीतरी वाळत घातलेले कपडे.

"मना वाटलं, काहीतरी दिसेल," ते म्हणाले.

"दिसलं?"

त्यांनी विचार केला. खरोखर विचार केला. उत्तर असेल तर सापडावं, असा.

"दोन दिवस नुसता बसलो. मग भरती आली, ओहोटी आली. ती लग्नाहून आली. मी तिला बघ म्हटलं, तिनं बघितलं. आणि ती बघत होती तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं." त्यांनी डबा पाण्याच्या दगडी डोणीत बुडवला.

मी म्हणालो, "पाच-सहा वर्षांत ही रोपं वाढली की पुन्हा काहीच दिसायचं नाही."

"ठाव हाय."

त्यांनी पुढच्या आळ्यात पाणी ओतलं, ते जिरेपर्यंत थांबले, मग त्याच्या पुढच्या. पडवीतून चाचींचा आवाज आला, "कडेचं राहिलं! सावलीतलं!"

"घालतो, घालतो," चाचा म्हणाले आणि डबा भरून मागे वळले.